खेळावरचा आकडा

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरात मुले व्हिडिओ गेम खेळतात, म्हणून चार शब्द बोलते.

रक्तपात, नको ती दृश्ये खेळांत असावीत काय? पुष्कळजणी म्हणतात, खेळ मुलांचे, त्यांत हे कशाला? परंतु हे खेळ मोठी माणसेही खेळतात. नाटक-सिनेमा जसा मोठ्यांसाठी निराळा, तसा खेळही असावा. पोलंडमधला २०१४ सालचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ पाहा. वेढा पडलेल्या शहरातली साधी माणसे कशी जगतात, हे त्यात आहे. भूक आहे, मरण आहे. युद्धाची हौस वाटावी असे काही नाही. २०२० साली तिथल्या सरकारने तो शाळांच्या शिफारशीत घेतला, पण अठरा वर्षे पुरी झालेल्यांसाठीच.

तेव्हा खरा प्रश्न, तो कोणाच्या हाती द्यावा हा आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली वाद झाला आणि १९९४ पासून तिथे खेळांवर वयाची खूण येऊ लागली. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. आकडा म्हणजे खेळ किती अवघड हे नव्हे. कोणत्या वयाला तो योग्य, एवढेच तो सांगतो.

भगिनींनो, इंग्रजी न येणारीलाही आकडा वाचता येतो. औषधाची तारीख पाहतो, तसा तोही पाहावा. लहानाला ‘नाही’ म्हणताना कारणही सांगावे. आपल्या घरी नाकारलेला खेळ मुले शेजारी जाऊन खेळतात. म्हणून शेजारणींनी मिळून एकच नियम पाळावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.