खत घेताना ओळख द्या, पण पावती घेऊनच
(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा व्याख्याता. मेळाव्यात माझ्याकडून पेरणीचे अंतर, बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा एवढेच ऐकण्याची आपली सवय आहे. आज मात्र मी दुकानाच्या गल्ल्यापासून सुरुवात करणार आहे. कारण शिफारस कितीही चांगली असली तरी खत वेळेवर हातात पडले तरच तिचा उपयोग, आणि आता ते खत हातात पडण्यापूर्वी आपल्याला आपली ओळख पटवून द्यावी लागते.

पूर्वी दुकानदार आपल्याला तोंडाने ओळखत असे. रोख असेल तर रोख, नाही तर वहीत नाव. आता रोख पैसे मोजून दिले तरी यंत्रावर बोट ठेवावे लागते. पुष्कळ जण विचारतात, "साहेब, पैसे आमचे, मग अंगठा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

खताला ओळख का लागते?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची कमाल किंमत २४२ रुपये ठरलेली आहे. कडुनिंबाच्या लेपाचा खर्च व कर धरून ती आपल्याला सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तयार करण्याचा किंवा आयात करण्याचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मधला फरक सरकार अनुदान म्हणून खत कंपनीला देते. मार्च २०१८ पर्यंत देशभर नवीन पद्धत लागू झाली. तिच्यात दुकानदाराने शेतकऱ्याला प्रत्यक्ष विक्री केल्याची नोंद यंत्रावर झाली की मगच कंपनीला अनुदान मिळते. खरेदीदाराची ओळख आधार, किसान क्रेडिट कार्ड, मतदार ओळखपत्र अशा पुराव्यांवर पटवावी, अशी योजना आहे.

म्हणजे आपण दाखवलेली ओळख ही आपल्या पैशासाठी नसून अनुदानासाठी आहे. रोखीने घ्या, कार्डाने घ्या, फोनवरून पैसे द्या, नोंद व्हायचीच. आणि नोंद आपल्या नावावर होणार असल्याने ती खरी आहे की नाही हे पाहणे आपले काम आहे.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांचा मका ३० दिवसांचा झाला होता. पाऊस उघडला, चांगला वापसा आला, नत्राचा दुसरा हप्ता देण्याची हीच वेळ. वडील दुकानात गेले तर यंत्र त्यांचे बोट घेईना. जन्मभर माती, कुदळ आणि बैलाचा कासरा धरलेले हात. बोटांच्या रेषा झिजलेल्या, वर भेगा. दुपारपर्यंत थांबून त्यांनी मला फोन केला. मी इकडून सांगितले, "कोणाचाही अंगठा लावा, पण वापसा जाऊ देऊ नका."

शेजारचे काका सोबत होते. त्यांनी भल्या मनाने अंगठा दिला. खत मिळाले, मका साधला. पण त्यानंतर गावात जो तो काकांनाच हाक मारू लागला. कोणाचे बोट उमटत नाही, कोणी गावाला गेलेला आहे, अंगठा काकांचा. पावती कोणी पाहिली नाही. पुढे जास्त गोण्या घेणाऱ्यांची यादी तपासणीला आली, तेव्हा काकांच्या नावावर एका हंगामात ३८ गोण्या युरिया निघाला. काकांची जमीन दोन एकर. त्यांना तालुक्याला जाऊन जबाब द्यावा लागला. त्यातल्या किती गोण्या गावात आल्या आणि किती दुसरीकडे गेल्या, हे त्या बिचाऱ्यांना सांगता आले नाही. वेळ निभावली, पण ती सवय माझ्या सल्ल्याने सुरू झाली होती, हे मी विसरलेलो नाही.

आपला हिशोब आपल्याला माहीत हवा

मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. दोन एकर म्हणजे सुमारे ०.८ हेक्टर. त्याला ९६ किलो नत्र लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून युरिया सुमारे २०९ किलो, म्हणजे पाच गोण्यांच्या आतच. पेरणीच्या वेळी डीएपी किंवा मिश्र खत दिले असेल तर त्यातील नत्र वजा करावे, म्हणजे युरिया आणखी कमी लागेल. हा हिशोब हंगामापूर्वी वहीत मांडून ठेवावा. मग पावतीवर किती गोण्या लिहिल्या आहेत हे पाहताच चूक लक्षात येते.

दुकानात पाळावयाची पथ्ये

१) यंत्रातून निघालेली छापील पावती घेतल्याशिवाय गोणी उचलू नये. पावतीवरील नाव, खताचा प्रकार, गोण्यांची संख्या व रक्कम तिथेच वाचावी.
२) दुसऱ्यासाठी आपला अंगठा देऊ नये व दुसऱ्याचा मागू नये. घरातील ज्या व्यक्तीचे बोट उमटते, तिलाच सोबत न्यावे.
३) बोट उमटत नसेल तर हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून दुसरी बोटे लावून पाहावीत. वारंवार अडचण येत असल्यास पेरणीच्या गर्दीपूर्वीच आधार केंद्रावर जाऊन ठसे अद्ययावत करून घ्यावेत. हप्त्याच्या दिवशी धावपळ करू नये.
४) कोणते यंत्र पुढे केले आहे हे विचारावे. खताच्या यंत्रावरील अंगठा फक्त ओळख पटवतो, त्याने बँकेतून पैसे जात नाहीत. परंतु काही दुकानांत बँकेचे पैसे काढण्याचे यंत्रही असते. तिथे आधार क्रमांक आणि तोच अंगठा लागला की खात्यातून रक्कम निघते.
५) आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे. ती वापरत असल्यास खत घेण्यापूर्वी तात्पुरते कुलूप उघडावे व नंतर पुन्हा लावावे.
६) आधारची झेरॉक्स मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी आणि तिच्यावर कशासाठी दिली ते व तारीख लिहावी.

कार्डाने पैसे देताना

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ मध्ये सुरू झाली. आता रुपे कार्डावर तुमची ओळख म्हणजे तुमचा पिन. तो दुकानदाराला सांगून "तुम्हीच टाका" म्हणणे म्हणजे कोरा धनादेश सही करून देण्यासारखे आहे. पिन स्वतः टाकावा, आधी पडद्यावरची रक्कम वाचावी. १ जानेवारी २०२१ पासून नुसते कार्ड टेकवून पाच हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय व्यवहार होऊ शकतो. ही सोय नको असल्यास बँकेत सांगून बंद करून घ्यावी. खात्यातून न विचारता रक्कम गेली तर त्याच दिवशी बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मोठी रोख रक्कम

१ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास मनाई झाली. ट्रॅक्टरचे पैसे चार दिवसांत तुकडे करून दिले तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि दंड घेणाऱ्याला होतो. आपण माल विकतो तेव्हा घेणारे आपण असतो, हे ध्यानात ठेवावे. मात्र दोन लाखांच्या आत आपला शेतमाल व्यापाऱ्याला रोखीने विकताना शेतकऱ्याने पॅन किंवा फॉर्म ६० देण्याची गरज नाही, असा खुलासा आयकर खात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये केला होता. "पॅन नाही म्हणून भाव कमी" असे कोणी म्हटले तर हा खुलासा आठवावा.

बियाण्याला अंगठा लागत नाही, पावती लागते

बियाणे व कीटकनाशके घेताना यंत्रावर बोट ठेवावे लागत नाही, म्हणून तिथे आपण ढिले पडतो. खरे तर तिथेच जास्त जपावे. पक्क्या पावतीवर आपले नाव, गाव, वाण, लॉट क्रमांक व तारीख लिहून घ्यावी. पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल आणि मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना हाच पुरावा चालतो. शेतकरी हा ग्राहक आहे आणि ग्राहक कायद्याखाली दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण पावतीच नसेल तर न्यायालयापुढे तरी काय ठेवणार?

बंधू-भगिनींनो, आपण व्यवहाराला सचोटीचे आहोत, त्यामुळे कोणी ओळख मागितली की आपल्याला अपमान वाटतो. अपमान मानू नका आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नका. कोण मागतो, कशासाठी मागतो आणि बदल्यात कोणता कागद देतो, हे तीन प्रश्न विचारा. या खरिपात खतांची वही करा, पहिल्या पानावर आपल्या क्षेत्राचा हिशोब मांडा आणि मागे पावत्या चिकटवा. शेजारच्या काकांनाही करायला सांगा. मी माझ्या शेजारच्या काकांना स्वतः वही आणून दिली आहे.