राखीव जंगल आणि राखणदार माणूस

(आशागड परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



डहाणू स्टेशनकडून पूर्वेला निघाले की चिकूच्या वाड्या मागे पडतात आणि आशागडच्या पुढे साग, ऐन, मोह यांचे डोंगर सुरू होतात. या डोंगरांचे रक्षण कोणी करावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो सरकारी अधिसूचनेचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. घातक प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना मज्जाव झाला, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा पडली आणि तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टाही निर्बंधाखाली आला. हे आपोआप घडले नाही. औष्णिक वीज केंद्राविरुद्ध येथील नागरिक न्यायालयात झगडले होते. पुढे अधिसूचना कागदावरच राहू लागली, तेव्हा बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले. वीज केंद्राच्या धुरातील गंधक काढणारी यंत्रणा २००७ साली बसली, तीही त्याच्याच रेट्याने.

हे यश मोठे आहे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये निवर्तले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच हे घडले. जे संरक्षण केवळ वरून मिळते, ते वरूनच काढून घेता येते, हाच याचा धडा.

मग खालून संरक्षण का उभे राहिले नाही? त्याची मुळे जुन्या अन्यायात आहेत. इंग्रजी अमलाने जंगल ‘राखीव’ केले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा वारली आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. १९४५ साली तलासरी-डहाणूचा वारली वेठबिगारीविरुद्ध उठला, तेव्हा त्याच्यासमोर जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदार असे सारेच उभे होते. त्याच्या लेखी ‘राखीव’ म्हणजे गार्डाचा दंडुका. उलट ज्या रानाच्या वेशीवर त्याने वाघदेव उभा केला, ते रान त्याला परके कधीच वाटले नाही.

अमेरिकेने १९६४ साली वन्यभूमी राखण्याचा कायदा केला. त्यातील कल्पना अशी की, अशा भूमीत माणूस पाहुणा म्हणून येईल, राहणार नाही. ही कल्पना जशीच्या तशी डहाणूत आणली, तर जंगल वाचविण्याच्या नावाखाली पाडेच उठविले जातील. जंगल वाचविणारे शहरी हितचिंतक आदिवासीला अतिक्रमक समजले आणि जमिनीची चळवळ त्यांना सुखवस्तूंचे वकील समजली. या दुराव्याचा फायदा बिल्डर आणि ठेकेदार यांनी घेतला.

‘कसणाऱ्याला प्लॉट दिल्यावर जंगल उरेल का?’ असा आक्षेप घेतला जातो. तो टाळता कामा नये. उतारावरची झाडे तुटतात, हे खरे आहे. म्हणूनच केवळ वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांवर थांबणे चुकीचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. कलम ५ ने वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकारही दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळवून दाखविला. तेथे जंगल उजाड झाले नाही.

तेव्हा पुढचे काम स्पष्ट आहे. पाड्यापाड्यात बसून गावाच्या रानाची सीमा आखावी, वडीलधाऱ्यांची साक्ष नोंदवावी, सामूहिक दावा दाखल करावा आणि ग्रामसभेची राखण समिती नेमावी. १९९१ ची अधिसूचना ढिली करण्याचा जो जो प्रयत्न होईल, त्याविरुद्ध याच ग्रामसभांचे ठराव उभे राहिले पाहिजेत. अधिसूचना हे कुंपण आहे. राखणदार मात्र माणूसच लागतो, आणि ज्याला पिकात वाटा नाही तो राखण कशाला करील?