रिकामी खुर्ची आणि फेरजाहिरात

(इंदूरच्या सुदामा नगर वसाहतीतील मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूर शहराच्या पश्चिमेस, अन्नपूर्णा मार्गाच्या परिसरात सुदामा नगरची विस्तीर्ण वसाहत आहे. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली. दरबार, न्यायालये, शाळा आणि पुढे बँका यांतील नोकऱ्यांवर त्यांच्या कित्येक पिढ्यांचे संसार उभे राहिले. अशा घरांतून नोकरीविषयक जाहिराती बारकाईने वाचल्या जाव्यात हे स्वाभाविकच होय. या वाचनात कधी कधी एक कोडे समोर येते. चार-सहा महिन्यांपूर्वी ज्या पदाची मुलाखत घरातील मुलगी देऊन आली, त्याच पदाची जाहिरात, त्याच कार्यालयाच्या नावाने, पुन्हा प्रसिद्ध झालेली दिसते. निकालाचे पत्र आलेले नसते, नकाराचेही नसते. मग घरात दोन तर्क सुरू होतात. मुलगी कमी पडली असावी हा एक, आणि जागा आधीच कोणासाठी तरी राखलेली होती हा दुसरा. दोन्ही तर्क पुष्कळदा चुकतात.

मुलाखतीला 20 उमेदवार बोलाविले म्हणजे त्यांतील सर्वांत चांगला उमेदवार नेमला जाणारच, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात निवड समितीपुढे दोन प्रश्न असतात. उमेदवारांत श्रेष्ठ कोण, हा पहिला. तो श्रेष्ठ उमेदवार पदास पुरेसा आहे काय, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले की पहिल्या क्रमांकाचा उमेदवारही घरी परततो आणि पद रिक्त राहते. हरियाणातील एक प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. दुय्यम न्यायाधीशांच्या 15 जागांसाठी 1970 साली परीक्षा झाली. 40 उमेदवारांनी उत्तीर्ण होण्यास आवश्यक असलेले 45 टक्के गुण मिळविले. शासनाने मात्र 55 टक्क्यांवरील पहिल्या 7 जणांनाच नेमले आणि उरलेल्या जागा रिकाम्या ठेवल्या. न्यायदानाचा दर्जा राखण्यासाठी याहून खाली उतरू नये, असे उच्च न्यायालयाचेही मत होते. वगळलेल्या उमेदवारांनी दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यादीत नाव आल्याने नेमणुकीचा हक्क प्राप्त होत नाही, असा निर्णय 1973 साली झाला. 1991 साली घटनापीठाने शंकरसन दाश यांच्या प्रकरणात हेच तत्त्व अधिक स्पष्ट केले. जाहिरात हे केवळ अर्ज करण्याचे आमंत्रण असून प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असे बंधन शासनावर नाही. तथापि जागा रिक्त ठेवण्याचा निर्णय मनमानी नसावा, त्यास सद्‌हेतूचे आणि सबळ कारण असावे, असे न्यायालयाने बजावले.

पुरेसेपणाची ही रेषा कोणी व केव्हा आखावी, हा खरा वादाचा मुद्दा. राजस्थान उच्च न्यायालयात भाषांतरकारांच्या 13 जागांसाठी 2009 साली भरती काढण्यात आली. 21 उमेदवार परीक्षेस बसले. त्यानंतर किमान 75 टक्के गुण असलेल्यांनाच निवडावे असे ठरले आणि केवळ 3 जण पात्र ठरले. 13 पैकी 10 खुर्च्या रिकाम्या! अट कडक होती हे दुःख नव्हे. ती उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर कळली, हे दुःख. या प्रकरणातून निघालेल्या प्रश्नावर घटनापीठाने 2024 साली निर्णय दिला की, नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल, तर भरती सुरू झाल्यावर निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. भरती करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निर्णय टेबलावर ठेवावा.

रिक्त पदांचे याहून साधे आणि अधिक वारंवार घडणारे एक कारण आहे. त्यात दोष कोणाचाच नसतो. होतकरू मुलगी एकाच वर्षी बँकेची, शिक्षकपदाची आणि महसूल खात्याची, अशा तीन परीक्षा देते. तिन्ही ठिकाणी तिची निवड होते. ती एक नोकरी पत्करते आणि उरलेल्या दोन ठिकाणी जागा रिकाम्या पडतात. तेथे प्रतीक्षा यादी असेल आणि तिची मुदत संपलेली नसेल, तर पुढच्या उमेदवारास बोलाविले जाते. मुदत टळली असेल, तर तो उमेदवार कितीही लायक असो, कार्यालयाला नव्याने जाहिरात द्यावी लागते. पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि जातीच्या दाखल्याची छाननी यांत महिने जातात, आणि यादीची मुदत याच काळात सरत असते. यादीतील दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला यातील काहीच कळविले जात नाही. फेरजाहिरात पाहून तो स्वतःलाच दोष देतो. खरे पाहता त्याचा पराभव कोणी केलेला नसतो. तारखेने केलेला असतो.

राखीव जागांचे गणित वेगळे आहे. एखाद्या प्रवर्गासाठी राखून ठेवलेल्या पदास त्या प्रवर्गातील पात्र उमेदवार मिळाला नाही, तर ते पद सहसा दुसऱ्यास दिले जात नाही. ते अनुशेषात जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा जाहीर होते. अशा अनुशेषाच्या जागा त्या वर्षाच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेत न धरता स्वतंत्रपणे भरता याव्यात, म्हणून 2000 साली 81 वी घटनादुरुस्ती करण्यात आली. मात्र पात्र उमेदवार समोर बसलेला असताना ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा वर्षानुवर्षे उमटत राहिला, तर तो तपासून पाहण्याची जबाबदारी वरिष्ठांची आहे. चार शब्दांच्या या शेऱ्यामागे समितीने दिलेले गुण आणि कारणे नोंदलेली असलीच पाहिजेत.

इंदूरकरांना तर दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. 1956 साली स्थापन झालेल्या मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय याच शहरात आहे. राज्यात इतर मागासवर्गीयांचे आरक्षण 14 वरून 27 टक्के करण्याचा निर्णय 2019 साली झाला आणि त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले. वाद मिटेपर्यंत भरती थांबू नये, म्हणून 2022 साली निकालाचे दोन भाग करण्यात आले. 87 टक्के जागांचा निकाल लावावयाचा आणि 13 टक्के जागांचा राखून ठेवावयाचा, अशी ती व्यवस्था. त्यामुळे मुलाखत देऊन आलेल्या काही उमेदवारांना आपण निवडले गेलो की नाही हेही कळेना. येथे समिती नाराज नव्हती, उमेदवार अपुरे नव्हते, फेरजाहिरातही निघाली नाही. तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

खासगी कारखान्यांत न्यायालय नसते, पण हिशेब असतो. इंदूरपासून काही अंतरावर पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या कारखान्याला कुशल जोडारी हवा असतो आणि शहरात जोडारीचे प्रशिक्षण घेतलेले तरुण रिकामे बसलेले असतात. तरीही गाठ पडत नाही. देऊ केलेल्या वेतनातून रात्रपाळी आणि रोजचा प्रवास परवडत नाही, म्हणून तरुण नाही म्हणतो. वेतन वाढविले तर जुने कामगारही वाढ मागतील, म्हणून व्यवस्थापक थांबतो. दरम्यान मागणी मंदावते आणि मंजूर झालेले पदच गोठविले जाते. रिकाम्या जागा आणि रिकामे हात एकाच वेळी कसे असू शकतात, याचा उलगडा करणाऱ्या डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस या तीन अर्थशास्त्रज्ञांना 2010 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही पक्षांना एकमेकांचा शोध घेण्यास वेळ आणि पैसा लागतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र. चुकीचा माणूस घेऊन नंतर काढण्यापेक्षा दुसऱ्यांदा जाहिरात देणे मालकास स्वस्त वाटते, ते यामुळेच.

सगळीच कारणे अशी निष्पाप असतात असे मात्र नव्हे. पद अस्तित्वातच नसताना केवळ अर्जांचा साठा करण्यासाठी किंवा संस्था भरभराटीत आहे असा देखावा करण्यासाठी काही ठिकाणी जाहिराती दिल्या जातात. मर्जीतला उमेदवार मुलाखतीत टिकला नाही म्हणून सारी प्रक्रिया रद्द करण्याचे प्रकारही घडतात. मुलाखतीतील अशा फेरफारास आळा बसावा, हा हेतू ठेवून केंद्र शासनाने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वरिष्ठ पदांसाठी त्या चालू राहिल्या.

रिकाम्या खुर्चीची किंमत कार्यालयाच्या ताळेबंदात दिसत नाही. उलट वेतन वाचल्यासारखे भासते. ती किंमत गाव चुकविते. गणिताचा शिक्षक नसलेली शाळा पुढच्या वर्गात कच्ची मुले पाठविते. परिचारिका नसलेल्या आरोग्य केंद्रातून बाळंतीण रात्री तालुक्याच्या गावी न्यावी लागते. चांगल्या माणसाची वाट पाहणे योग्य खरे. पण दोन वर्षे लांबलेली वाट हा पालकांच्या लेखी नकारच असतो.

उमेदवाराच्या हाती काही साधने आहेत. शासकीय कार्यालय असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये अर्ज करून पद का भरले गेले नाही, प्रतीक्षा यादी होती काय आणि ती केव्हा संपली, हे विचारता येते. उत्तरासाठी सामान्यतः 30 दिवसांची मुदत आहे. खासगी संस्थेस हा कायदा सहसा लागू होत नाही. तेथे नम्र पत्र लिहून विचारणा करावी आणि मागच्या मुलाखतीचा दिनांक त्यात नमूद करावा.

फेरजाहिरात हाती आली की तिच्यातील दोन ओळी प्रथम वाचाव्यात. पूर्वी अर्ज केलेल्यांनी पुन्हा अर्ज करावयाचा आहे किंवा नाही, आणि शुल्क पुन्हा भरावयाचे काय, हे एका ओळीत असते. दुसरी ओळ वयाची. वयोमर्यादा कोणत्या तारखेस मोजली जाईल, हे तेथे दिलेले असते. पहिल्या जाहिरातीच्या वेळी मर्यादेच्या आत असलेला उमेदवार दुसऱ्या वेळी काही दिवसांनी बाहेर पडू शकतो. विलंब कार्यालयाचा असेल, तर जुन्या उमेदवारांना वयात सवलत देणारी एक ओळ जाहिरातीत घालणे, जेथे नियम अनुमती देतात तेथे, संबंधित अधिकाऱ्याला सहज शक्य असते.