जोडपुरवठ्यांतील लपलेला दोष

एक संच बिघडला तरी दुसरा आहेच, ह्या भरंवशावर रुग्णालयांत, दूरध्वनी-केंद्रांत आणि कारखान्यांत महत्त्वाच्या यंत्रांना विजेचे दोन पुरवठा-संच समांतर जोडतात. प्रत्येक संच एकट्यानें सर्व भार उचलील इतका समर्थ असतो. योजना चोख खरी. पण तिच्या पोटांतच एक धोका दडलेला आहे.

समजा, २४ व्होल्ट व १० अँपिअरचे दोन संच मिळून ८ अँपिअरचा भार वाहत आहेत. एक बिघडतो, दुसरा तत्क्षणीं सारें ओझें पत्करतो. दिवा मंदावत नाहीं, यंत्र थांबत नाहीं, आणि म्हणूनच कोणाला कांहीं कळत नाहीं. पुढें केव्हांतरी दुसराही बिघडतो आणि सर्व काम एकाएकीं थांबतें.

मग दोष शोधावा कोठें? प्रत्येक संचाच्या वाटेवर डायोड, म्हणजे विजेची एकमार्गी झडप, बसवितात. निरोगी संचाची वीज बिघडलेल्या संचांत शिरूं नये, हें तिचें काम. झडपेच्या पुढें, जेथें दोन्ही वाटा मिळतात तेथें, मापक लावला तर एक संच बंद पडला तरी तो २४ च्या आसपासच दाखवील. तपासणी झडपेच्या अलीकडे, प्रत्येक संचाची निराळी हवी.

तेवढ्यानेंही भागत नाहीं. ज्याचा दाब किंचित् अधिक, तो संच बहुतेक भार घेतो व दुसरा स्वस्थ बसतो. त्याची परीक्षा होतच नाहीं. म्हणून प्रत्येकाचा प्रवाह मोजावा, आणि ठराविक काळानें, जाणकार हजर असतांना, एकेक संच बंद करून पाहावा. बंद केलेल्या संचाकडे मापक २४ दाखवीतच राहिला, तर ती वीज जोडीदाराची असून झडप निकामी झाली आहे. भार वाढत १२ अँपिअरपर्यंत गेला असेल, तर दोन्ही संच ठणठणीत असूनही जोडी व्यर्थ आहे, हेंही त्याच वेळीं उघड होतें.

इशाऱ्याचें तत्त्व रेल्वेकडून घ्यावें. १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यांनीं बंद रूळमंडलाचें पेटंट घेतलें. रुळांतून प्रवाह पोंचेल तोंवरच मार्ग मोकळा. गाडी आली, तार तुटली वा बॅटरी संपली, तरी सिग्नल धोकाच दाखवी. तसाच येथेंही प्रत्येक संचानें आपला रिले ओढून धरावा. संच मालवला कीं रिले सुटावा व घंटा वाजावी. घंटेची वीज मात्र निराळी असावी.

जोडीदार पडल्यावर निमूटपणें ओझें वाहणें हा संचाचा गुण. तो एकटा उरला आहे हें वेळेवर जाणणें, हें माणसाचें काम.