कागदी रणगाड्यातली आठ माणसं



निवृत्तीनंतर माणूस काय करू लागेल याचा नेम नसतो. कुणी बाग करतो, कुणी पेटी शिकायला जातो. मी कागदाच्या गाड्या करू लागलो. जाड कागदावर छापलेले सुटे भाग कापायचे, संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घडी पाडायची आणि फेव्हिकॉलने जोडत जायचं. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांना जलरंगाचा हात फिरवायचा. एवढंच या छंदाचं भांडवल. दोन मोटारी आणि एक आगगाडीचं इंजिन झाल्यावर मी जरा मोठी उडी घेतली. रणांगणावर उतरलेला जगातला पहिला रणगाडा करायला घेतला.

हा ब्रिटिशांचा ‘मार्क वन’. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये खंदक आणि काटेरी तारा यांच्यामागे दोन्हीकडची सैन्यं अडकून पडली होती. हे अडथळे ओलांडणारं वाहन इंग्लंडमधल्या लिंकन शहरी विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी सिद्ध केलं. गुप्तता राखण्यासाठी, या पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगितलं गेलं आणि ‘टँक’ हे नाव कायमचं चिकटलं. गंमत अशी, की इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ मराठीतलं ‘टाकं’ आणि गुजरातीतली ‘टांकी’ यांच्यात असावं, असं कोशकार मानतात. आपल्या गडांवरची टाकी आठवा! १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत, फ्लेर गावाजवळ हे रणगाडे पहिल्यांदा चाल करून गेले.

माझं मॉडेल मुळाच्या पंचविसाव्या हिश्शाचं. म्हणजे आठ मीटरचा रणगाडा माझ्या टेबलावर बत्तीस सेंटिमीटरचा. मागे सुकाणूसाठी जोडलेली दोन चाकं धरली, तर चाळीसच्या आसपास. ती चाकं फारशी उपयोगी पडली नाहीत, पुढे काढूनच टाकली. पण पहिल्या लढाईत ती होती, म्हणून मीही लावली. छपरावर हातबॉम्ब घरंगळून जावेत म्हणून जाळी असे. ती मी जुन्या मच्छरदाणीतून कापली. खरी परीक्षा पट्ट्यांची. एकेका बाजूला नव्वद पाट्या, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून एकशे ऐंशी. रोज वीस याप्रमाणे नऊ दिवस मी फक्त पाट्या कापत होतो.

मॉडेल पुरं झालं आणि मी ते दादाला दाखवायला नेलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो सैन्यात चिलखती दलात होता, रणगाडा चालवायचा. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचं प्रशिक्षण झालेलं. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा त्याला ऐकू कमी येत होतं आणि बोलणंही कमी झालं होतं. नोकरीबद्दल विचारलं, तर “चांगली झाली,” एवढंच उत्तर.

त्याने मॉडेल हातात घेतलं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि विचारलं, “माणसं कुठायत?”

“अरे दादा, बंद गाडी आहे. आत असतील असं समजायचं.”

“बाहेरून सगळेच समजतात,” असं म्हणून त्याने मॉडेल परत दिलं.

खरं सांगतो, मला राग आला. दोन महिन्यांची मेहनत होती. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. सकाळी मी ब्लेड घेतलं आणि छप्पर कापून काढलं. डब्याच्या झाकणासारखं ते उचलता यावं, अशी कल्पना होती. आत आकार धरून ठेवणारे पुठ्ठ्याचे आडवे पडदे होते. माणसांना जागा हवी म्हणून तेही कापले, आणि चिलखत एका बाजूला पिळवटलं! मग दोन्ही भिंतींना आतून पुठ्ठ्याचं अस्तर लावलं, तळाला तीन पट्ट्या दिल्या आणि दोन जाड पुस्तकांमध्ये ते दोन दिवस दाबून ठेवलं. तेव्हा कुठे ताळ्यावर आलं.

आतलं सामान करण्यासाठी वाचायला लागलो आणि थक्क झालो. मधोमध १०५ अश्वशक्तीचं उघडं इंजिन, त्याच्याभोवती आठ माणसं. आतली उष्णता पन्नास अंशांपर्यंत जायची, वर धूर. पेट्रोलच्या टाक्या पुढे, चालकाच्या दोन्ही बाजूंना. बाहेरून गोळ्या आदळल्या की पोलादाच्या कपच्या आत उडायच्या, म्हणून पुढे तोंडावर साखळ्यांच्या जाळीचे मुखवटे दिले गेले. निरोप पाठवायला कबुतरं. आणि इतकं सोसून वेग किती? तासाला जेमतेम सहा किलोमीटर.

मी चालक एकटाच पुढे बसवला. दादा संध्याकाळी आला आणि म्हणाला, “हे धूड एकट्याने वळणार नाही.” पुस्तकात पाहिलं, तर तो बरोबर होता. वळायला चार माणसं लागत : चालक, शेजारी अधिकारी आणि मागे गिअरवर दोघे, एकेका पट्ट्याला एक. आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून चालक इंजिनाच्या आवरणावर ठोकून मागच्यांचं लक्ष वेधायचा आणि हाताने खुणा करायचा.

हे वाचून दाखवलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आम्हाला निदान कानांवर हेडफोन होते.” आणि बोलू लागला. राजस्थानच्या वाळूतले सराव, मे महिन्यात हात लावता येणार नाही असं तापलेलं पोलाद, एकमेकांचा चेहराही न दिसता केवळ आवाजावर ओळखले जाणारे सोबती. इतक्या वर्षांत वहिनींनीही हे ऐकलं नव्हतं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दादाचा हात आता थरथरतो, त्यामुळे चिकटवण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं. कोण कुठे बसेल, कुणाची मान किती वाकलेली असेल, हे तो सांगायचा. मी केलेली माणसं पावणेसात सेंटिमीटरची. सरळ उभी केली तर बसेनात. “वाकव,” तो म्हणाला, “आत ताठ कुणी नसतो.” शेवटी उरलेल्या कपट्याचं एक कबूतर केलं.

आता ते मॉडेल दादाच्या घरी आहे. परवा शेजारचा मुलगा आला आणि त्याने तोफेला बोट लावून विचारलं, “आजोबा, ही किती लांब मारते?”

दादाने छप्पर उचललं आणि म्हणाला, “ते सांगतो. आधी ही माणसं मोज.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)