तुम्ही काम काय करता?



सूतगिरणीच्या गावात मी नुकताच दवाखाना थाटला होता. एक कामगार कितीतरी महिने खोकल्यासाठी येत होता. मी औषधं बदलत होतो, खोकला हटत नव्हता. एकदा त्याच्या भुवयांवर कापसाचे तंतू दिसले आणि विचारलं, "कुठल्या खात्यात असता?" तो म्हणाला, "ब्लो रूमला. डॉक्टर, सुट्टी झाली की पहिल्या पाळीला छाती आवळते. मग पुढं जरा हलकं वाटतं." कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची ही नेमकी खूण! ते तंतू आधीही असणारच. माझा प्रश्नच उशिरा आला.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं त्यानं तेव्हाच बजावलं होतं. आपल्याकडे कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी तीन महिन्यांचा खास अभ्यासक्रम आहे. पण ऊसतोड मजूर, गवंडी, घरी विड्या वळणारी बाई यांना कारखान्याचा डॉक्टर कुठला? त्यांच्यासाठी गल्लीतला फॅमिली डॉक्टरच. म्हणून हे शिक्षण त्याला मिळायला हवं.

त्यात काय शिकवायचं? आधी तीन प्रश्न. काम नेमकं कसं करता? सुट्टीत त्रास कमी होतो का? सोबतच्या कुणाला असाच त्रास आहे का? या तीन प्रश्नांना दोन मिनिटं पुरतात. मग कायदा. 1948 च्या कारखाना कायद्यानं बिसिनोसिस, सिलिकोसिस, शिशाची विषबाधा असे आजार आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. ती किती जणांना शिकवली गेली?

तिसरी गोष्ट सर्टिफिकेटची. कंबर धरली की आपण "आठ दिवस विश्रांती" लिहून देतो. रोजंदारीवरच्या माणसाला तेवढे खाडे परवडत नाहीत. तो तिसऱ्या दिवशी पुन्हा ओझं उचलतो. ब्रिटननं 2010 मध्ये अशा चिठ्ठीचं रूपच बदललं. काम हलकं केलं किंवा वेळ बदलली तर हा माणूस कामावर येऊ शकेल, असं तिथले डॉक्टर लिहू लागले. त्यासाठी फॅमिली डॉक्टरांच्या कार्यशाळाही झाल्या. आपणही "वजन उचलू नये, बसून करायचं काम द्यावं" असं लिहू शकतो. मालक ऐकेलच असं नाही, पण रुग्णाच्या हातात बोलायला एक कागद तरी असतो.

माझ्या त्या रुग्णाचं खातं बदललं. खोकला हळूहळू ओसरला. औषधं तीच होती.

तेव्हा श्रोतेहो, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: मी अमुक काम करतो, इतके तास करतो आणि त्रास अमुक वेळी वाढतो.