मिस्त्रीची पेटी

दसरा तोंडावर आला आहे. आपल्या शहरात हे घरदुरुस्तीचे दिवस. पाऊस ओसरलेला असतो, गच्ची कुठं गळते ते एव्हाना सगळ्यांना कळून चुकलेलं असतं आणि दिवाळीच्या आत निदान रंगाचा हात तरी फिरावा अशी घरोघरी घाई असते. सिडकोतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग दिसेल आणि आतून फरशी कापण्याचा आवाज येईल. १९७० नंतर सिडकोनं इथं वसाहती उभारायला घेतल्या. त्यातली बरीच घरं आता दुसऱ्या पिढीच्या हातात आली आहेत. कुणी मजला चढवतंय, कुणी स्वयंपाकघराची भिंत पाडून ते मोठं करतंय, तर कुणी पोर्चला शटर लावून गाडीची सोय करतंय. गुलमंडी, बेगमपुरा या जुन्या भागातही कामं निघतात. तिथं चुन्याच्या रुंद भिंतींशी आणि सागवानी तुळयांशी गाठ असते.

या सगळ्या धामधुमीत एका गोष्टीकडं घरमालकाचं लक्ष फार उशिरा जातं. संध्याकाळी काम थांबतं, मिस्त्री हातपाय धुऊन घरी निघतो, पण त्याची अवजारं आपल्या घरात राहतात. ड्रिल मशीन, ग्राइंडर, फरशीचा कटर, रंधा, पटाशा, ओळंबा, वायरची गुंडाळी. रोज मोटारसायकलवर एवढं ओझं नेणं-आणणं त्याला शक्य नसतं. रात्री ती अवजारं कुठं असतात? बहुतेक घरांत सिमेंटच्या गोण्यांमागं, पोर्चच्या कोपऱ्यात, नाहीतर गोणपाटाखाली. आणि नेमक्या त्याच दिवसांत घराच्या खिडक्या काढलेल्या असतात, मागच्या दाराची चौकट बसलेली असते पण दार यायचं असतं, कुटुंब भाड्याच्या खोलीत नाहीतर बहिणीकडं राहायला गेलेलं असतं.

मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली. त्यामुळं अवजार हरवलं म्हणजे काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पण कारखान्यात हरवलेलं अवजार कंपनीचं असतं. मिस्त्रीचं हरवतं तेव्हा त्याचं स्वतःचं जातं आणि दुसऱ्या दिवसाची मजुरीही जाते. आमच्या ओळखीच्या एका सुताराची पेटी अशीच एका अर्धवट बांधलेल्या घरातून गेली. मालकानं हळहळ व्यक्त केली, चहा पाजला आणि विचारलं, काम किती दिवस लांबेल? त्या सुतारानं मला नंतर सांगितलं, “काका, मशीन हप्त्यानं घेईन मी. पण तोपर्यंत हातात काय धरू?”

त्याचं हे म्हणणं आपल्या कायद्यानंही फार पूर्वी ओळखलं आहे. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम पाहा. माणूस कर्जबाजारी झाला, त्याच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा झाला, जप्ती आली, तरी कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांच्याच पंगतीत कायद्यानं कारागिराच्या अवजारांना बसवलं आहे. सावकारालाही जिथं हात लावता येत नाही, ती वस्तू आपण गोणपाटाखाली ठेवतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन आपली अवजारं व्हॅनमध्ये ठेवतात आणि त्या व्हॅन फोडल्या जातात. हा त्रास इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत तिथले कारागीर आपापल्या व्हॅन घेऊन लंडनमध्ये थेट पार्लमेंटसमोर जमले. आपल्याकडचा मिस्त्री असा मोर्चा काढत नाही. तो गप्प बसतो आणि उसनं मशीन मागून आणतो.

म्हणून माझं सांगणं असं की, घराचं काम काढाल तेव्हा सगळ्यात आधी एक जागा कुलपाची करून घ्या. फरशी, रंग, मॉड्युलर किचन हे नंतर. जिन्याखालची खोली, गच्चीवरची खोली, जुनं न्हाणीघर, काहीही चालेल. भाड्याचा लोखंडी पेटारा आणून तो भिंतीला बोल्टनं आवळला तरी चालेल. पहिल्या दिवशी मिस्त्रीला ती जागा दाखवा आणि एक किल्ली त्याच्या हातात द्या.

आता कुलपाविषयी थोडं. मुंबईत गोदरेजांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, अलीगढच्या कुलपांचंही नाव देशभर आहे. चांगलं कुलूप मिळणं आपल्याकडं कधीच अवघड नव्हतं. लिव्हरच्या कुलपात आत पितळी पट्ट्या असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली गेली, तरच बोल्ट सरकतो. जितक्या पट्ट्या जास्त, तितकं ते दुसऱ्या किल्लीनं उघडणं कठीण. पण चोर बहुतेक वेळा कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो कोयंड्यात पहार घालतो. अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेला कोयंडा एका हिसक्यात बाहेर येतो, कुलूप त्याला तसंच लटकलेलं राहतं. म्हणून कोयंड्याचे बोल्ट दारातून आरपार घाला, नट आतल्या बाजूनं आवळा. दार लोखंडी असेल तर कोयंडा वेल्डिंग करून घ्या. कुलपाची दांडी जाड असावी आणि कुलूप लागल्यावर ती कमीत कमी उघडी दिसावी. शटरला मधे एकच कुलूप असेल तर दोन्ही टोकांना आणखी एकेक लावा. एका बाजूनं जॅक लावून शटर वाकवता येतं.

आणि ती पहार, ती शिडी! घर फोडायला लागणारं सगळं सामान आपणच अंगणात ठेवलेलं असतं. शिडी रात्री आडवी पाडून साखळीनं खांबाला बांधावी. पहार, टिकाव, घण आत. खिडकीची जुनी जाळी काढायची असेल तर नवी जाळी आलेली आहे ना, हे आधी बघावं आणि एकाच दिवसात बदल उरकावा. फॅब्रिकेशनवाला “उद्या आणतो” म्हणाला तर जाळी उद्याच काढावी.

आपल्या गावात आणखी एका वस्तूची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे पाण्याची मोटार. नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात, त्यामुळं घरोघरी हौद आहे आणि हौदावर मोटार आहे. काम सुरू झालं की कंपाउंडची भिंत पाडली जाते आणि मोटार रस्त्यावरून दिसायला लागते. तिच्यात तांबं असतं. जुने पितळी नळ, काढून टाकलेली वायर, वेल्डिंगची केबल यांनाही भंगारात भाव येतो. काढलेला माल त्याच दिवशी आत न्या, नाहीतर वजन करून विकून टाका.

टूलरूममध्ये आमच्याकडं पितळी बिल्ले असत. प्रत्येक कामगाराचा एक नंबर. मायक्रोमीटर हवा असेल तर खिडकीत बिल्ला द्यायचा. तो बिल्ला मायक्रोमीटरच्या रिकाम्या जागी खिळ्याला अडकवला जाई. संध्याकाळी वस्तू परत, बिल्ला परत. फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असायची, पाना जागेवर नसला की नुसती त्याची रंगीत सावली दिसायची. घरी एवढा पसारा नको. मिस्त्रीबरोबर बसून एका वहीत यादी करा: मशीनची कंपनी, मॉडेल, अंगावरचा सिरियल नंबर, सोबत मोबाईलवर फोटो. काम संपताना दोघांनी मिळून यादीवर नजर फिरवायची.

या यादीचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो वेगळाच. वस्तू सापडली नाही की पहिलं बोट हाताखालच्या पोराकडं जातं. ते पोर कन्नडकडून, जालन्याकडून नाहीतर थेट बिहारहून आलेलं असतं, त्याची बाजू घ्यायला इथं कुणी नसतं. त्याची झडती घेतात, मजुरी अडकवून ठेवतात आणि कधी कधी हरवलेली वस्तू पुढं वाळूच्या ढिगाऱ्यात सापडते. तोवर ते पोर काम सोडून गेलेलं असतं. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजदाद झाली, तर वस्तू कधी गेली हे कळतं आणि संशयाला थारा उरत नाही.

अवजारांवर नाव घालून घ्या. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर भांड्यांच्या दुकानात असतात. त्यांच्याकडच्या त्याच छोट्या मशीननं ड्रिलच्या धातूच्या भागावर, पान्यावर, करवतीच्या पात्यावर नाव आणि मोबाईल नंबर कोरता येतो. नाव कोरलेला माल विकायला गेलं की घेणारा दोनदा विचार करतो. घेणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्याचं नाव, फोन आणि बिल मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर मशीन घेऊ नका.

एवढं करूनही चोरी झालीच तर? काही उचलू नका, फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्यांनुसार तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीत मात्र माल पाच हजारांच्या आतला असेल, दोषी पहिल्यांदाच ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. म्हणून किंमत लिहिताना नुसतं “एक ड्रिल मशीन” असं लिहू नका. बिट्स, चार्जर, बॅटऱ्या, एक्स्टेंशन बोर्ड, पेटी, सगळं वेगवेगळं लिहा. तक्रार देताना मिस्त्रीला बरोबर न्या, कारण माल त्याचा आहे. पुढं सापडला तर तो ताब्यात मिळण्यासाठी अर्जही त्याच्याच नावानं करावा लागेल. तक्रारीची प्रत मोफत मिळते. दोन झेरॉक्स काढा, एक त्याच्याकडं, एक तुमच्याकडं.

आणि तो पुन्हा मशीन घेईल तेव्हा शक्य असेल तर त्याच्या मजुरीतली काही रक्कम आगाऊ द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, राजमिस्त्री अशा अठरा व्यवसायांतल्या पात्र कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आणि कमी व्याजाचं कर्ज आहे. नोंदणी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये (सीएससी) होते. अर्ज भरायला त्याच्याबरोबर कुणी जाणारं नसेल, तर तुमच्या घरातलं एखादं कॉलेजला जाणारं मूल जाऊ शकेल.